शेतकऱ्याच्या घरचीं खातीं : मांडणी व शोध

बियाणें, खतें, पाणी व बाजारभाव या विषयांवर या मासिकांत पुष्कळ लिहिलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या एका साधनावांचून या सर्वांचा नफातोटा कळत नाहीं, त्या जमाखर्चाकडे आपलें लक्ष फारसें जात नाहीं. कोणत्या पिकानें घर चालविलें आणि कोणत्या पिकानें घर खाल्लें, हें सांगणारा साक्षीदार हिशेबाची वही हाच होय. आतां त्या वहीची जागा संगणकानें व मोबाईलनें घेतली आहे. हिशेबाचीं सॉफ्टवेअरें फुकट मिळतात, घरचीं मुलें तीं उतरवून देतात, आणि पाडव्यास मोठ्या उत्साहानें आरंभ होतो. पण बहुतेक घरीं हा उत्साह श्रावणापर्यंतही टिकत नाहीं.

असें कां होतें, याचा विचार केला तर लिहिण्याचा कंटाळा हें खरें कारण नव्हे असें दिसून येईल. लिहिलेलें सांपडत नाहीं, हें खरें कारण होय. एकाच दुकानाचीं तीन खातीं तीन नांवांनीं उघडलेलीं, सोसायटीचें कर्ज उत्पन्नाखालीं पडलेलें, आणि निम्मा खर्च ‘इतर’ या खात्यांत दडलेला, अशी स्थिति झाली म्हणजे लिहिणाराचाच स्वतःच्या लिहिण्यावरील विश्वास उडतो. मग तो लिहिणें सोडून देतो. म्हणून खातीं कशीं मांडावीं व तीं कशीं शोधावीं, हा विषय येथें घेतला आहे. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसुली कचेरींत दप्तर लावण्यांत व तें काढून देण्यांत गेली. त्या अनुभवाचें सार एका वाक्यांत सांगावयाचें तर असें कीं, दप्तर लावावयाचें तें आपल्याला सांपडावें म्हणून नव्हे. आपण जागेवर नसतां दुसऱ्यास सांपडावें म्हणून.

दप्तराचा धडा

गांवचें महसुली दप्तर हें चांगल्या मांडणीचें उदाहरण आहे. गांव नमुना ७ हा अधिकार अभिलेख, नमुना १२ ही पिकांची नोंदवही, नमुना ८-अ ही एका खातेदाराकडे असलेल्या सर्व जमिनींची नोंद, आणि नमुना ६ ही फेरफारांची नोंदवही होय. अँडरसन यांच्या महसुली हिशेबांच्या मॅन्युअलांत या नमुन्यांचें विवेचन आहे. तलाठी बदलले, त्यांस २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी हें नवें नांव मिळालें, हस्तलिखित सातबारा जाऊन संगणकीय सातबारा आला. परंतु सहा म्हणजे फेरफार ही खूण कांहीं बदलली नाहीं. त्यामुळें काल रुजू झालेला कर्मचारीही आज मागितलेला कागद काढून देऊं शकतो.

या दप्तरापासून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, प्रत्येक गोष्टीस एकच जागा असते. दुसरी, एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे जाण्याची वाट लिहून ठेवलेली असते. सातबाऱ्यावर फेरफाराचा क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकावरून नमुना ६ मधील नोंद काढतां येते. तिसरी, चुकीची नोंद खोडून नाहींशी करीत नाहींत. ती दुरुस्त करणारी नवी नोंद घेतात, म्हणजे आधीं काय होतें हेंही पुढें कळतें. घरच्या हिशेबास हे तीनही नियम जसेच्या तसे लागू पडतात.

पांच वर्ग

उदाहरणासाठीं आपण ग्नुकॅश हें सॉफ्टवेअर घेऊं. त्याची पहिली स्थिर आवृत्ति १९९८ सालीं निघाली. तें विनामूल्य असून विंडोज, मॅक व लिनक्स या तीनही प्रकारच्या संगणकांवर चालतें, आणि खात्यांचीं नांवें देवनागरींत लिहूं देतें. दुसरें कोणतें सॉफ्टवेअर किंवा मोबाईलवरील ॲप वापरात असेल तरी पुढील विवेचनाचा बहुतेक भाग त्यासही लागू पडेल.

ग्नुकॅश दुहेरी नोंदीच्या पद्धतीनें चालतें. व्हेनिस येथें १४९४ सालीं लुका पाचिओली यानें छापलेल्या ग्रंथांत जिचें वर्णन आलें, तीच ही पद्धत होय. तिचें तत्त्व सोपें आहे. पैसा एका जागेहून निघतो व दुसऱ्या जागीं जातो. म्हणून प्रत्येक नोंद निदान दोन खात्यांस लागते, आणि दोन्ही बाजूंची बेरीज सारखी असावी लागते. पूर्वीं कीर्द लिहून मग रात्रीं दिव्याखालीं खतावणी करावी लागे. आतां नोंद एकदांच लिहिली कीं खतावणी आपोआप होते. मात्र ती कोणत्या खात्यावर करावी हें आपणच सांगावयाचें असतें, आणि मांडणीचा प्रश्न येथेंच उपस्थित होतो.

सर्व खातीं पांच वर्गांत मोडतात : मत्ता, देणीं, भांडवल, उत्पन्न व खर्च. जें आपल्याजवळ आहे किंवा लोकांकडून यावयाचें आहे ती मत्ता. जें आपण द्यावयाचें आहे तें देणें. हिशेब सुरू करतेवेळीं देणें वजा जातां जें उरलें तें भांडवल. घरांत नवा आलेला पैका तें उत्पन्न. आणि जो गेला तो परत येणार नाहीं तो खर्च. शेतकऱ्याच्या घरीं घोटाळा होतो तो या पांचांच्या सीमेवर. त्यांतील चार जागा विशेष ध्यानांत ठेवाव्या.

१. पीक कर्जाची रक्कम बचत खात्यांत आली म्हणजे तें उत्पन्न झालें नाहीं. मत्ता वाढली तितकेंच देणेंही वाढलें.

२. कर्जाच्या मुद्दलाची फेड हा खर्च नव्हे. देणें कमी झालें एवढेंच. व्याज मात्र खर्च होय. म्हणून हप्त्याचे दोन भाग करून लिहावें.

३. सोसायटीनें कर्ज देतांना, किंवा कारखान्यानें बिलांतून, भागांसाठीं म्हणून रक्कम कापून घेतली तर तीही खर्च नव्हे. ती आपल्या मालकीची मत्ता आहे. पुष्कळ घरीं या रकमेची कोठेंच नोंद नसते, आणि एका पिढीनंतर आपले भाग आहेत हेंही कोणास ठाऊक नसतें.

४. उधारीवर आणलेलें खत ज्या दिवशीं आणलें त्या दिवशींच खर्चीं पडलें. पैसे दिवाळीनंतर दिले तरी खर्च आषाढांतलाच. मधल्या काळांत ती रक्कम दुकानदाराच्या नांवें देण्यांत दिसली पाहिजे.

खात्यांचें झाड

ग्नुकॅशमध्यें खात्याच्या पोटीं खातें उघडतां येतें. खोडास फांद्या व फांदीस डहाळ्या असाव्यात तशी ही रचना असते. शिवाय प्रत्येक खात्यास एक क्रमांक देतां येतो व त्या क्रमांकानें यादी लावतां येते. मध्यम शेतकऱ्याच्या घरास पुरेल असा एक आराखडा खालीं देत आहें.

१००० मत्ता : ११०० घरची रोख, १२०० बँकेंतील बचत, १३०० मुदत ठेवी, १४०० भाग (सोसायटी, कारखाना, दूध संस्था), १५०० येणें (कारखाना, अडत्या, हातउसनें दिलेलें), १६०० औजारें व जनावरें.

२००० देणीं : २१०० पीक कर्ज, २२०० मध्यम मुदतीचें कर्ज, २३०० दुकान-उधारी, २४०० हातउसनें घेतलेलें.

३००० भांडवल : ३१०० आरंभींची शिल्लक.

४००० उत्पन्न : ४१०० ऊस; ४२०० सोयाबीन; ४३०० दूध; ४४०० सरकारी साहाय्य; ४५०० शेतीबाहेरील मिळकत.

५००० शेतीखर्च : ५१०० ऊस, ५२०० सोयाबीन, ५३०० जनावरें, ५४०० सामायिक, ५५०० व्याज.

६००० घरखर्च : ६१०० किराणा; ६२०० शिक्षण; ६३०० दवाखाना; ६४०० लग्नकार्य व सण.

पांच वर्ग असतां मूळ खातीं सहा कां, असें कोणी विचारील. खर्चाचे शेती व घर असे दोन भाग मुद्दाम केले आहेत. हे दोन एकत्र असले म्हणजे मुलीच्या लग्नाचा खर्च उसाच्या माथीं बसतो, किंवा उसाचा तोटा घरखर्चांत मुरून जातो; आणि दोन्ही प्रकारांत शेतीचा निवाडा खोटा पडतो.

क्रमांकांमध्यें शंभराचें अंतर ठेवलें आहे तेंही सहेतुक आहे. उद्यां दुसऱ्या बँकेंत खातें उघडलें तर १२१०, १२२० असे क्रमांक देतां येतील व जुनी यादी हलवावी लागणार नाहीं. जीं खातीं केवळ शीर्षकाचें काम करतात, उदाहरणार्थ मत्ता किंवा देणीं, त्यांवर ‘प्लेसहोल्डर’ ही खूण करावी. म्हणजे सॉफ्टवेअर त्यांवर थेट नोंद होऊं देत नाहीं, आणि घाईंत ‘शेतीखर्च’ एवढ्याच नांवावर रक्कम टाकून मोकळें होण्याची वाट बंद होते. तीन पातळ्यांच्या खालीं मात्र जाऊं नये. फार खोल गेलेल्या झाडांत खातें शोधणें हें दाट रानांत वासरूं शोधण्यासारखें होतें.

कशाचें खातें करावें, कशाचें करूं नये

आरंभीं उत्साहाच्या भरांत युरियाचें निराळें, पोटॅशचें निराळें, फवारणीच्या प्रत्येक औषधाचें निराळें, अशीं खातीं उघडलीं जातात. पांच पिकें व प्रत्येकाचे आठ प्रकारचे खर्च मानले तर चाळीस खातीं होतात, आणि मजुरी लिहितेवेळीं यादी वरखालीं करण्यांतच वेळ जातो. यावर नियम असा : ज्याची बेरीज वारंवार हवी असते त्याचें खातें करावें, ज्याचा शोध क्वचित् घ्यावयाचा असतो तें तपशिलांत लिहावें.

सोयाबीनवर एकूण किती खर्च झाला हें दरवर्षीं पाहावयाचें असतें, म्हणून सोयाबीन हें खातें. युरियाच्या किती गोण्या आणल्या हें एखादे वेळीं पाहावें लागतें, म्हणून तें तपशिलांत. मात्र तपशील ठराविक घाटानें लिहावा : प्रथम खर्चाचा प्रकार, मग वस्तु, मग गट क्रमांक. ‘खत, युरिया २ गोण्या, गट १४२’ असें सदैव लिहिलें तर ‘खत’ या शब्दावर शोध घेतां वर्षभराचीं सर्व खतें एका यादींत येतात, आणि ‘गट १४२’ यावर शोध घेतां त्या शेताचा सारा खर्च येतो.

वर्षाचा आंकडा खात्याच्या नांवांत घालूं नये. प्रत्येक नोंदीस तारीख असतेच, आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत अहवाल हवा हें सॉफ्टवेअरला सांगतां येतें. महसुली वर्ष १ ऑगस्टपासून व आर्थिक वर्ष १ एप्रिलपासून सुरू होतें. एकाच नोंदवहींतून दोन्ही काढतां येतात. अडसाली उसाची गोष्ट थोडी निराळी आहे. तो जुलै-ऑगस्टांत लावला म्हणजे पुढील वर्षाच्या गळीत हंगामापर्यंत उभा असतो, आणि तो उभा असतांच दुसऱ्या शेतांत नवी लागण होते. तारखेवरून या दोहोंचा खर्च वेगळा होत नाहीं. अशा वेळीं ‘ऊस, गट १४२’ व ‘ऊस, गट १५०’ अशीं शेतावरून दोन पोटखातीं करावीं.

‘इतर’ हें खातें काढूं नये असें नाहीं. पण महिन्याच्या शेवटीं तें उघडून पाहावें. तेथें एकाच प्रकारचा खर्च तीनदां दिसला तर त्यास स्वतःचें खातें मिळण्याचा अधिकार झाला असें समजावें.

नांवें कशीं द्यावींत

‘बँक’ हें नांव आज पुरतें, कारण आज एकच बँक आहे. उद्यां दुसरी झाली म्हणजे पुरत नाहीं. बँकखात्याच्या नांवांत चार गोष्टी असाव्यात : बँक, शाखा, कोणाच्या नांवें आहे, आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक. पूर्ण क्रमांक नांवांत घालण्याचें कारण नाहीं, आणि पासवर्ड, पिन किंवा ओटीपी तर हिशेबांत कोठेंही लिहूं नये.

देवनागरींत लिहिणारांनीं आणखी एक सावधगिरी घ्यावी. संगणक अर्थ ओळखत नाहीं; तो अक्षरें जुळवून पाहतो. ‘सोसायटी’, ‘सोसा.’ आणि ‘वि.का.स.’ हीं आपणांस एक असलीं तरी त्यास तीन होत. ‘किराणा’ व ‘कीराणा’ हीं त्यास दोन होत. इतकेंच नव्हे, तर ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दांतील ऱ्य हें जोडाक्षर दोन रीतींनीं टंकलिखित होतें. डोळ्यांस दोन्ही सारखीं दिसलीं तरी यंत्रास तीं भिन्न असतात, आणि शोध फुकट जाण्याचा संभव असतो. मराठी १ व इंग्रजी पद्धतीचा एक यांचीही तीच कथा. म्हणून नांवें सोपीं व आंखूड ठेवावींत, त्यांत जोडाक्षरें टाळतां आलीं तर टाळावींत, आणि अंक कोणत्या पद्धतीचे वापरावयाचे तें एकदां ठरवून घरांतील सर्वांनीं पाळावें.

खातें सांपडत नाहीं तेव्हां

नोंद लिहितांना खात्याच्या नांवाचीं पहिलीं एकदोन अक्षरें टाकतांच ग्नुकॅश पुढील नांव सुचवितें. सबंध यादी चाळण्याची गरज नसते. ज्यांस जुनी नोंद हवी आहे त्यांनीं शोधाची खिडकी उघडून तपशिलांतील शब्द, रक्कम किंवा तारीख यांवर शोध घ्यावा. रकमेवरील शोध विशेष उपयोगी पडतो. कारण पासबुकांतली रक्कम डोळ्यांपुढें असते, पण ती कशाची तें आठवत नसतें.

कधींकधीं सबंध खातेंच यादींतून नाहींसें झाल्यासारखें वाटतें. तें बहुधा गेलेलें नसतें, झांकलेलें असतें. शून्य शिल्लक असलेलीं खातीं दाखवूं नयेत किंवा लपविलेलीं खातीं दाखवूं नयेत, अशी चाळणी लावलेली असते, आणि ती लावली होती हें आपण विसरलेलों असतों. यादीची चाळणी उघडून पाहिली कीं खातें जागेवर दिसतें. नवें खातें चुकीच्या फांदीखालीं उघडलें गेलें असेल तर त्याचें मूळ खातें बदलून तें योग्य फांदीस लावतां येतें, व त्यांतील नोंदी त्याबरोबर जातात.

बंद झालेलें खातें मात्र पुसूं नये. तें पुसूं गेल्यास त्यांतील नोंदी दुसऱ्या खात्यांत हलवाव्यात कीं काढून टाकाव्यात, असें सॉफ्टवेअर विचारतें. आणि घाईंत दुसरें उत्तर दिलें तर कित्येक वर्षांचा पुरावा जातो. अशा खात्यावर ‘लपवावें’ ही खूण करावी. कचेरींत निकालीं निघालेलीं प्रकरणें अभिलेख कक्षांत जातात, जाळलीं जात नाहींत, तसेंच हें.

आणखी एका खात्यावर नजर ठेवावी. नोंदीच्या दोन्ही बाजू जुळल्या नाहींत तर ग्नुकॅश फरकाची रक्कम ‘इम्बॅलन्स’ नांवाच्या खात्यांत टाकतें. या खात्यांत शिल्लक दिसली तर कोठें तरी नोंद अर्धी राहिली आहे असें समजावें. पासबुकाशीं मेळ घालण्याचीही सोय आहे. जुळलेल्या नोंदीवर तशी खूण होते, आणि खूण नसलेल्या तेवढ्याच तपासावयाच्या राहतात.

एका बिलाचें उदाहरण

मांडणीचा प्रत्यक्ष उपयोग पाहण्यासाठीं उसाचें एक बिल घेऊं. आंकडे केवळ समजुतीसाठीं आहेत. बिल १,२०,००० रुपयांचें झालें. त्यांतून सोसायटीची वसुली ७०,००० रुपये कापली गेली; तींत ६६,००० मुद्दल व ४,००० व्याज. भागांसाठीं २,००० रुपये कापले. उरलेले ४८,००० रुपये बँकेंत आले.

पुष्कळ घरीं ‘ऊस बिल ४८,०००’ एवढीच नोंद होते. मग वर्षाच्या शेवटीं ऊस बुडाला असें दिसतें, सोसायटीचें कर्ज फिटूनही वहींत उभें राहतें, व्याज कोठेंच दिसत नाहीं, आणि दोन हजारांचे भाग विस्मृतींत जातात. अशा हिशेबावर विश्वासून कोणी पीक बदललें किंवा जमीन खंडानें दिली, तर तो निर्णय खोट्या साक्षीवर दिलेला होय.

खरी नोंद अशी : उसाचें उत्पन्न १,२०,०००, त्यापैकीं पीक कर्ज ६६,०००, व्याज ४,०००, भाग २,०००, बँक ४८,०००. सॉफ्टवेअरमध्यें एकाच नोंदीचे असे पांच भाग पाडण्याची सोय असते, आणि बेरीज जमेपर्यंत नोंद पुरी झाली असें तें मानीत नाहीं.

याहूनही चांगली रीत म्हणजे ऊस कारखान्यास गेला त्याच दिवशीं ‘येणें, कारखाना’ या खात्यांत रक्कम लिहावी, व पैसे आल्यावर ती तेथून वळती करावी. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ याप्रमाणें ऊस पोंचल्यापासून १४ दिवसांत किंमत द्यावयाची असते, व विलंब झाल्यास वार्षिक शेंकडा १५ दरानें व्याज देय होतें. हें मागावयाचें तर ऊस केव्हां गेला व पैसा केव्हां आला या दोन्ही तारखा आपल्याजवळ पाहिजेत. येण्याचें खातें नसेल तर पहिली तारीख कोठेंच नसते.

सॉफ्टवेअरचें आयुष्य

कागदी वही वाळवीनें जाते. सॉफ्टवेअर मालकाच्या इच्छेनें जातें. मायक्रोसॉफ्ट मनी या नांवाजलेल्या सॉफ्टवेअरची विक्री २००९ सालीं बंद झाली. अमेरिकेंत लक्षावधि लोक वापरीत असलेली मिंट ही सेवा २०२४ सालीं बंद झाली. म्हणून सॉफ्टवेअर निवडतांना पहिला प्रश्न असा विचारावा कीं, माझा हिशेब मला साध्या स्वरूपांत बाहेर काढून घेतां येतो काय? सीएसव्ही या स्वरूपांत यादी काढतां येत असेल तर ती दुसरीकडे नेतां येते. आठवड्याची एक प्रत पेनड्राईव्हवर ठेवावी, आणि वर्षांतून एकदां खात्यांची यादी शिलकांसह कागदावर छापून सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर ठेवावी.

मागाहून येणाऱ्यासाठीं

घरचा कर्ता पुरुष किंवा कर्ती स्त्री गेल्यावर जमीन सांपडते. नमुना ८-अ काढला कीं त्यांच्या नांवावरील गट कळतात, वारसाची नोंद फेरफारास लागते, आणि जमीन पुढील पिढीच्या नांवें होते. जमिनीचें दप्तर ठेवणारा गांवांत आहे. ठेवीचें, भागांचें, हातउसन्याचें दप्तर ठेवणारा मात्र घराबाहेर कोणी नाहीं. तें घरानेंच ठेविलें पाहिजे.

बँकेच्या बचत खात्यांत दोन वर्षें खातेदाराकडून कांहीं व्यवहार झाला नाहीं तर तें निष्क्रिय होतें. दहा वर्षें कोणी मागणी केली नाहीं तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेनें २०१४ सालीं स्थापिलेल्या ठेवीदार शिक्षण व जागृति निधींत जमा होते. ती बुडत नाहीं. ठेवीदारास किंवा त्याच्या वारसास बँकेकडे मागणी करून परत मिळवितां येते. अशा ठेवी शोधण्यासाठीं रिझर्व्ह बँकेनें २०२३ सालीं उद्गम नांवाचें पोर्टल सुरू केलें; परंतु तेथें शोध होतो तो त्यांत सहभागी असलेल्या बँकांपुरताच. सोसायटीचे भाग, दूध संस्थेची ठेव किंवा शेजाऱ्यास दिलेलें उसनें तेथें दिसावयाचें नाहीं. त्यांचा पत्ता आपल्या हिशेबांतील १३००, १४०० व १५०० या खात्यांतच लागावयाचा.

यासाठीं प्रत्येक ठेवीच्या खात्याच्या टिपणांत पावती कोठें ठेविली आहे, मुदत केव्हां संपते व नामनिर्देशन कोणाचें आहे, एवढें लिहावें. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीवर चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करतां येतें. तें केलें नसल्यास करून घ्यावें. आणि खात्यांची छापील यादी कोठें आहे, हें घरांतील निदान दोघांस ठाऊक असावें. त्यांपैकीं एक स्त्री असावी. पतीच्या मागें बँकेच्या दारांत उभें राहण्याची वेळ बहुधा तिच्यावर येते, आणि ‘कोणतें खातें?’ या प्रश्नास उत्तर देतां न आल्यामुळें हक्काचा पैका पडून राहिल्याचीं उदाहरणें गांवोगांवीं आहेत.

आरंभ कसा करावा

सर्व जुना हिशेब भरून काढण्याच्या नादीं लागूं नये. एक तारीख ठरवावी. त्या दिवशींची रोख मोजावी, पासबुकें भरून आणावींत, सोसायटीकडून कर्जाचा व भागांचा उतारा घ्यावा, दुकानदाराकडून उधारीचा आंकडा घ्यावा, आणि या रकमा आरंभींच्या शिलकेशीं लावाव्यात. पुढें बाजाराच्या दिवशीं संध्याकाळीं अर्धा तास बसावें. महिन्यांतून एकदां पासबुकाशीं मेळ घालावा. वर्षांतून एकदां यादी छापावी. याहून अधिक कांहीं लागत नाहीं.

आपल्या संघाच्या सभासदांस एक सूचना कराविशी वाटते. एका गांवांतील दहा शेतकऱ्यांनीं जरी हा किंवा याहून चांगला एकच आराखडा स्वीकारला, तरी सोयाबीनच्या एकरी खर्चाची तुलना करतां येईल, आणि कोणाचें बियाणें महाग पडलें, कोणाची मजुरी वांचली, हें तर्कावर न राहतां आंकड्यांनीं ठरेल. आराखडा कोणताही घ्यावा. त्याची कसोटी मात्र एकच लावावी. घरांतील दुसऱ्या माणसास संगणकापुढें बसवून विचारावें, “सोसायटीचें देणें किती राहिलें, तें काढून दाखव.” त्यानें तें न विचारतां दोन मिनिटांत काढलें, तर मांडणी योग्य झाली असें समजावें.